चार बोटांचं अंतर

आधी तो पिंजरा गॅलरीतून आत आणा, मग बसा. मला काही झालेलं नाही, बीपीची गोळीसुद्धा घेतली आहे. पिंजरा आत आणा म्हटलं की आणायचा.

हां. स्टुलावर ठेव. कपाटावर नको, उंदीर तिथूनच उतरतो. आता मोठा दिवा घालव आणि तो छोटा राहू दे. ह्या फिंच पक्ष्यांना गुडूप अंधार सोसत नाही. रात्री दचकले की त्यांना बसायची दांडी सापडत नाही, मग तारांवर धडका घेत सुटतात आणि सकाळी तळाला पडलेले मिळतात. दुकानदाराने सांगितलं नसेल हे. त्याला पक्षी विकायचे होते, शहाणपण नव्हतं विकायचं.

आणि तुम्हाला वाटतं पिंजरा म्हणजे झाली राखण! अरे, पिंजऱ्यात असलेल्या पक्ष्याला पळताच येत नाही. बाहेरच्या चिमणीला मांजर दिसलं की ती भुर्र उडते. हा कुठे उडणार? तारेला चिकटून बसतो आणि मांजर बाहेरून पंजा घालतं. म्हणून पिंजऱ्याला बाहेरून दुसरी जाळी लागते. मधे अंतर चार बोटांचं.

चार बोटं का? ऐका तर मग. गोष्ट पाहिजे म्हणून संध्याकाळपासून डोकं खाताय ना माझं? भुताची पाहिजे, खरी पाहिजे, जवळची पाहिजे. नातवंडं अशी मिळाली, पदरी पडलं पवित्र झालं. सांगतो. पण ही ऐकून भीती वाटली नाही तर तक्रार करायची नाही. मला स्वतःला त्यात भीती कधी वाटली नाही. मला दुसरंच काहीतरी होतं, आणि ते अजून होतं.

तर... मी पँट आखूड करायला दिली होती, ती आणायला गेलो होतो.

माझ्या जाळीच्या कारखान्याला लागून टेलरमास्तरांचं दुकान होतं. कारखाना आपला म्हणायचा, एक वेल्डिंगचं मशीन, एक कटर आणि जाळीची भेंडोळी. मी राहायचोही तिथेच, मागच्या खोलीत. दोघांत भिंत एकच. मास्तरांचं पुढे दुकान, मागे दोन खोल्या, त्यामागे पत्र्याच्या छपराखाली थोडी मोकळी जागा. घरात माणसं तीन. मास्तर, वहिनी आणि त्यांची लेक. लेकीच्या पायाला भिंगरी बांधलेली, म्हणून आम्ही सगळे तिला भिंगरीच म्हणायचो. तिसरीत होती. एका जागी बसली असेल तर शपथ. बसायची फक्त एका ठिकाणी, मागच्या जागेत, पिंजऱ्यासमोर.

पिंजरा तिचा. लाल चोचीचे, गालावर शेंदरी ठिपका असलेले फिंच. चिमणीच्या निम्म्याने. आवाज कसा, तर लहान बाळाचं रबरी खेळणं दाबावं तसा, पीं पीं. त्यातला एक पायाने अधू होता. पिल्लू असताना घरट्यातून पडला, तो तिने काडीने भरवून जगवला. त्याचं नाव लंगड्या. बाकीचे पक्षी हात जवळ आला की पळायचे. लंगड्या उलट पुढे यायचा. ही तारेतून तर्जनी आत घालायची आणि तो बोट कुरतडत बसायचा. ही खिदळायची. भिंतीपलीकडे मला माझ्या मशीनच्या आवाजातही ते ऐकू यायचं.

रात्री पिंजऱ्यावर कापड घालायचं कामही तिचंच. मास्तरांनी तिच्या जुन्या फ्रॉकांचे तुकडे जोडून खास खोळ शिवून दिली होती. पण ही चारही बाजू झाकायची नाही. खालचा डावा कोपरा उचलायची, त्याला दोन घड्या घालायची आणि कपडे वाळत घालायचा चिमटा लावायची. तोही आडवा. सगळं जग चिमटा उभा लावतं, हिचा आडवा. मी एकदा विचारलं, "काय गं, हे भोक कशाला ठेवलंस?"

तर म्हणाली, "काका, त्यांना कळायला नको का मी इथेच आहे ते?"

पुढच्या पावसाळ्याअखेर तिला ताप आला. साधा वाटला. मग ताप डोक्यात गेला. दवाखान्यात नेली ती... परत आणली ती.

असो.

मास्तरांनी दुकान उघडलं, कारण माणसाला काहीतरी करावंच लागतं. वहिनींनी मात्र हाय खाल्ली. बोलणं बंद, जेवण घासभर. दिवसभर पिंजऱ्यासमोर बसायच्या. पक्ष्यांना दाणा घालायच्या, पाणी बदलायच्या, तेवढ्यापुरते त्यांचे हात हलायचे. मास्तर मला म्हणाले होते, "भाऊ, हे पक्षी आहेत तोवर ही आहे. पक्षी गेले की हीसुद्धा जाईल बघा."

तर पँट आणायला गेलो त्या दिवशी मास्तर मशीनवर नव्हते. मागे गेलो. बघतो तर मास्तर हातात चिंधी घेऊन जमिनीवरचं रक्त पुसत होते. वहिनींना दिसायच्या आत.

मांजर येऊन गेलं होतं. खोळीचा कोपरा रात्री उघडाच ठेवायचे ते, लेकीची पद्धत म्हणून. त्याच कोपऱ्यात एक मादी तारेला चिकटून बसली असणार. तिचं धड आत होतं... पुढचं सांगत नाही. झोपायचंय तुम्हाला.

"भाऊ," मास्तर म्हणाले, "अशी जाळी करून द्या की कोणाचं नखसुद्धा आत जाता कामा नये."

मी म्हटलं, देतो. पाव इंची घट्ट जाळी घेतली. उंदराचं पिल्लू, सापाचं पिल्लू, काही शिरणार नाही अशी. पिंजऱ्याभोवती तिचा पेटारा बांधला, चारही बाजूंनी चार बोटं सोडून. मांजर बाहेरून कितीही टेकलं तरी पक्ष्यापर्यंत पोचत नाही. मुंग्यांसाठी पायांखाली पाण्याच्या वाट्या. खोळ सगळ्यावरून, चारही बाजूंनी खाली, नाडीने बांधलेली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं झालं मास्तरांचं. दिवसातून दहा वेळा जाळी हलवून बघायचे.

वहिनी फक्त एकदा म्हणाल्या, "आता बोट घालता येत नाही हो आत."

मास्तर म्हणाले, "नकोच घालायला."

मग तीनचार दिवसांनी मास्तर सकाळीच माझ्याकडे. चेहरा उतरलेला. "हिचं काही खरं नाही, भाऊ. रात्री उठते आणि खोळ उघडते. डावा कोपरा. दोन घड्या, चिमटा लावलेला. मी विचारलं तर म्हणते मी नाही. मग काय मी उघडली?"

मी म्हटलं, "मास्तर, दुःखात माणसाला भान राहत नाही. रागावू नका."

"रागावत नाही हो. पण तिथनंच मांजर आलं होतं. अजून एक पक्षी गेला तर तिला कोण सावरणार?"

आणि त्यांनी ठरवलं, आज रात्री पहाऱ्याला बसायचं.

डिसेंबरातला तिसरा गुरुवार होता तो. चुकणार नाही, कारण शुक्रवारी सकाळी मला शाळेचं लोखंडी फाटक पोचवायचं होतं, आणि ते मी पोचवलं नाही. थंडी मरणाची. आभाळात चंद्र नाही. गल्लीतली कुत्रीसुद्धा कुठेतरी पोत्यात मुरगळून पडलेली.

आता पुढचं मास्तरांनी मला सांगितलं तसं सांगतो. मीठमिरची न लावता.

वहिनी झोपल्या. मास्तरांनी खोलीच्या दाराला बाहेरून कडी लावली. हो, बाहेरून. वाईट वाटलं त्यांना, पण लावली. खोळ चारही बाजूंनी बांधली. पिंजऱ्यावरचा बारका निळा दिवा ठेवला. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकली, अंगावर घोंगडी, मांडीवर कापड मोजायचा लाकडी गज. हातात काठी नको का काहीतरी? टेलरकडे दुसरं काय असणार.

बारा वाजले. एक वाजला. पक्षी शांत. मास्तरांना पेंग आली.

जाग आली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन.

काय झालं ते कळेना. मग ऐकू आलं.

कर्र...

बारीक. तार ताणल्यासारखं.

कर्र...

मास्तर हलले नाहीत. डोळे चोळले. निळ्या उजेडात बघितलं.

खोळीचा डावा कोपरा वर होता.

दोन घड्या. चिमटा.

आत पक्षी जागे. सगळे. त्या कोपऱ्याच्या दांडीवर एका ओळीत. लंगड्या सगळ्यांत पुढे, तारेला चोच लावून.

एकही ओरडत नव्हता.

बाहेरची जाळी... आत जात होती. हळू. एकाच जागी. कोणीतरी बाहेरून रेटावं तशी.

बाहेर कोणी नव्हतं.

कर्र...

"काय वाटलं तुम्हाला त्या वेळी?" असं मी मास्तरांना विचारलं. म्हणाले, भाऊ, काहीच वाटलं नाही, वाटायला वेळच दिला नाही मी. झोपेतून उठलेला माणूस. डोक्यात एकच, मांजर. खाली अंधारात मांजर आहे, पंजा घालतंय. उठले, आणि दोन ढांगांत जाऊन गज हाणला. खाड्कन, पिंजऱ्याच्या कोपऱ्यावर.

"नीघ! नीघ इथनं! पुन्हा पाऊल टाकलंस तर तंगडी मोडून ठेवीन!"

सगळी गल्ली उठेल असं ओरडले. मी उठलो, भिंतीपलीकडे.

मग पक्षी ओरडले. तेव्हा. धडका, पिसं, पीं पीं पीं पीं, नुसता कल्लोळ. आणि त्या कल्लोळात, मास्तर म्हणाले, कोणीतरी श्वास आत ओढला. लहान पोर दचकल्यावर ओढतं तसा.

मग काही नाही.

...

पाणी दे रे जरा.

हां.

खोलीचं दार आतून वाजलं. "अहो, दार उघडा. कडी का लावलीत?"

मास्तरांनी कडी काढली. त्या वेळी त्यांच्या डोक्यात प्रकाश पडायला लागला होता, असं ते म्हणाले. कडी आपणच लावली होती. ती आतच होती. मग कोपरा कोणी...

वहिनी बाहेर आल्या. "कोणाला ओरडलात?"

"मांजर होतं."

वहिनींनी पिंजऱ्याकडे बघितलं. जवळ गेल्या. चिमट्याला हात लावला. तो आडवा होता.

"मांजर आलं तेव्हा पक्षी ओरडले का हो?"

मास्तरांनी गज भिंतीला टेकवून ठेवला.

"ओरडले का?"

"नाही. मी गज मारला, मग ओरडले."

वहिनींनी चिमट्यावरचा हात काढला. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "मग मांजर नव्हतं."

अरे, फिंच पाळणाऱ्याला हे कळायला हवं. पहिली गोष्ट ही. मांजर आलं, साप आला, घूस आली की फिंच गप्प बसत नाहीत, वेड्यासारख्या धडका घेतात. ओळखीचं माणूस आलं तरच पुढे येऊन बसतात. मास्तरांना का माहीत नव्हतं? पुरतं माहीत होतं. पण राखण करणारा माणूस एकदा पेटला ना, की त्याला जो येईल तो चोर दिसतो.

पहाटे माझ्या दाराची कडी वाजली. उघडलं तर मास्तर. त्या थंडीत अनवाणी. "भाऊ, तुमचा कटर द्या."

मी म्हटलं, "काय झालं? रात्री ओरडत होतात—"

"कटर द्या आधी."

मी कटर घेऊन त्यांच्याबरोबरच गेलो. फाटक राहिलं ते असं. त्यांच्या हातून तार पकडीत येईना, म्हणून शेवटी मी कापली. पेटारा सगळा काढून टाकला. मग मास्तर माझ्या उंबऱ्यावर बसले आणि त्यांनी मला हे सगळं सांगितलं, आता मी तुम्हाला सांगितलं तसं. शेवटी म्हणाले, "भाऊ, ती आली होती. जाळीमुळे तिचं बोट पोचत नव्हतं. आणि मी तिला हाकललं." एवढंच म्हणत राहिले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसलो. असल्या वेळी बोलणारा माणूस मूर्ख असतो.

पुन्हा आली का?

नाही रे बाळा.

मांजर यायचं, म्हणून मास्तर रोज रात्री पिंजरा स्वयंपाकघरात आणून ठेवायचे, स्टुलावर. मागचं दार उघडं टाकायचे, आणि दोघं तिथेच पिंजऱ्याजवळ झोपायचे. चोर आला तर आला. खोळीचा कोपरा स्वतः उचलायचे, दोन घड्या, आडवा चिमटा. सकाळी सगळं जसंच्या तसं. लंगड्या मात्र मध्यरात्रीनंतर त्या कोपऱ्यात येऊन बसायचा. रोज. पहाटेपर्यंत.

एकदा मार्च महिन्यात माझ्या टाकीचा कॉक गळायला लागला, म्हणून मी रात्री उठून मागे गेलो होतो. मागची भिंत खांद्याएवढी. पलीकडे निळा उजेड, दार उघडं. वहिनी दारात उभ्या होत्या, अंधाराकडे तोंड करून. मी हाक मारणार होतो. तेवढ्यात त्या बोलल्या. पोराला लाडीगोडीने बोलवावं त्या आवाजात.

"ये गं. बाबा झोपलेत. ये."

थांबल्या.

"नाही ओरडणार. झोपलेत ते. ये ना."

मी कॉक तसाच गळता ठेवला आणि आत आलो.

दुसऱ्या दिवशी मास्तरांना मी काही बोललो नाही. तेच बोलले. पँटला बटण लावता लावता, वर न बघता. "भाऊ, काल तुम्ही मागे होतात. नळाचा आवाज आला मला."

"मास्तर, तुम्ही जागे होतात?"

"रोजच असतो. ती उठते, बाहेर जाते, तिला बोलावते. मी डोळे मिटून पडून राहतो. कूससुद्धा बदलत नाही. न जाणो, पोर दारापर्यंत आलेली असायची, आणि मी जागा आहे असं तिला कळायचं." दोरा दाताने तोडला त्यांनी. "बापाला घाबरली हो ती. मेल्यावर घाबरली."

रडू नकोस गं. इकडे ये, माझ्याजवळ बस. म्हणून म्हणत होतो, असल्या गोष्टी मागू नका.

पक्षी काय, पाचसहा वर्षांचे धनी. एकेक करून गेले, म्हातारे होऊन गेले, मांजराने नेले नाहीत. लंगड्या सगळ्यांत शेवटी. वहिनी तोवर सावरल्या होत्या, म्हणजे बाहेरून. मास्तरांची शंका खोटी ठरली, पक्षी गेले तरी त्या राहिल्या. मग त्यांनी दुकान आवरलं आणि मास्तरांच्या मेव्हण्याच्या गावी गेले. जाताना मास्तर माझ्याकडे आले, बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. म्हणाले, "हे तुम्ही ठेवा. भंगारात टाकवत नाही आणि बरोबर न्यायला छाती होत नाही."

कारखान्याच्या दारामागे खिळ्याला जाळीचा एक चौकोन टांगलाय, बघितलाय ना तुम्ही? तुमचा बाप दर वर्षी साफसफाईत विचारतो, बाबा हे भंगार कशाला ठेवलंय. तोच तो. मी त्या पहाटे कापलेल्या पेटाऱ्याची डावी बाजू.

त्याच्या खालच्या कोपऱ्यात, एवढ्याशा पोराच्या छातीच्या उंचीला, एक खळगा आहे. बाहेरून आत गेलेला. अरुंद आणि लांबट. एकाच बोटाने रेटल्यासारखा. मास्तरांनी शिवताना बोटात घालायचं आपलं अंगुस्तान त्यात घालून बघितलं होतं. गेलं नाही. त्याहून बारीक आहे.

मी चाळीस वर्षं जाळी विकली. त्याच भेंडोळ्याचा उरलेला तुकडा घेतला, शिकंज्यात धरला आणि अंगठ्याने दाबला. दोन्ही अंगठ्यांनी दाबला. वाकला नाही. मग लोखंडी सळई लावून हातोडीने ठोकला, तर तार तुटली. आणि त्या खळग्यात एकही तार तुटलेली नाही, एकही सांधा सुटलेला नाही. नुसती ओढली गेलीय, मऊ कापडासारखी.

आणि मी मोजलंय. जाळी आणि पिंजरा यांच्यात अंतर चार बोटांचं होतं, मीच ठेवलेलं.

खळगा तीन बोटं खोल आहे.